फळा आधी वाच, मेन्यूकार्ड मागाहून

बाय, न्यू ऑर्लिन्सला तुझं बस्तान बसलं की पहिल्याच पंधरवड्यात ऑफिसातली माणसं तुला डाउनटाउनमधल्या एखाद्या मासळीच्या हॉटेलात नेतील. टेबलावर कापड नसेल, जाड कागद पसरलेला असेल. टिश्यूचा अख्खा रोल मधोमध उभा, शेजारी तिखट सॉसच्या तीन-चार बाटल्या, भिंतीवर जुनी जाळी आणि कुणीतरी कधीतरी पकडलेल्या माशाचा फोटो. माणसं हाफपँटमध्ये येतात, मोठ्याने बोलतात, हाताने खातात. या शहरात उत्तम मासे अशाच ठिकाणी मिळतात. आणि नवखा माणूस अशाच ठिकाणी तळलेल्या पिठाचा डोंगर मागवतो, पोट धरून घरी येतो आणि "काही विशेष नाही" म्हणतो. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हे सांगून ठेवते. यातलं काही माझ्या आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं, मालवणच्या मासळीबाजारातलं. काही ह्यूस्टनच्या माझ्या ऑफिसातल्या एका लुइझियानाच्या बाईचं. तिचा बाप कोळंबीच्या बोटीवर होता आणि खाण्याच्या बाबतीत ती तुझ्या आजीइतकीच कडक होती.

हॉटेलात शिरलीस की कार्ड उघडू नकोस. आधी फळा शोध. दाराशी, बारच्या वर किंवा खांबाला टांगलेला असतो आणि त्यावर खडूने चार-पाच ओळी असतात. कार्ड एकदा छापलं की वर्षभर तेच. त्यावर साठ पदार्थ असतात आणि ते बारा महिने मिळायला हवेत म्हणून त्यांतले बरेच फ्रीजरमधून येतात. फळा त्या दिवशीचा असतो. फळाच नसेल तर वाढणाऱ्या बाईला विचार. फक्त "ताजं आहे का?" असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला जगात कुठेही "नाही" असं उत्तर मिळालेलं नाही. आजी बाजारात कधीच तसं विचारायची नाही. ती विचारायची, "आज कुठली होडी लागली?" तूही तसंच विचार. आज काय आलं? कुठून आलं? कालवं कुठल्या खाडीतली? माहिती असलेली बाई लगेच सांगते, नसलेली आत जाऊन विचारून येते. तिसऱ्या प्रकारची हसून "सगळंच छान आहे हनी" म्हणते. तिसरी भेटली तर लाल राजमा-भात मागव आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जा.

कोळंबीच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारल्याशिवाय ऑर्डरच देऊ नकोस. अमेरिकेत खाल्ली जाणारी बहुतेक कोळंबी बाहेरून येते आणि ती पाठवणाऱ्यांत गेली अनेक वर्षं आपला भारतच पहिला आहे. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या तळ्यांत वाढवलेली व्हॅनामेई कोळंबी गोठवून इथपर्यंत पोचते. तिचं वाईट काही सांगत नाही मी. पण आंध्रातली कोळंबी खायला मिसिसिपीच्या तोंडाशी येण्याची गरज काय? तीही मेक्सिकोच्या आखाताच्या भावाने? लुइझियानात २०१९ पासून कायदाच आहे: कोळंबी किंवा क्रॉफिश (त्यांच्याबद्दल पुढे सांगते) परदेशातले असतील तर हॉटेलाने ग्राहकाला तसं लिहून सांगायला हवं. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते असतं. तेवढ्यापुरतं कार्ड उघड. क्रॉफिशची सोललेली गोठवलेली शेपटी बऱ्याचदा चीनमधून येते. मोसम नसताना ‘एतुफे’ नावाच्या दाट रश्श्यात ती सर्रास ढकलतात.

मोसम पाठ करायला फार नाहीत. आखातातली तपकिरी कोळंबी साधारण मे महिन्यात सुरू होते. पांढरी, जरा मोठी आणि गोडसर, ऑगस्टपासून थंडीपर्यंत. कालवं हिवाळ्यातली भरलेली असतात. उन्हाळ्यात अंडी टाकून ती रोडावतात, पाणचट होतात. कात टाकलेला मऊ खेकडा उन्हाच्या महिन्यांत मिळतो आणि तो अख्खा खायचा असतो, पाठीसकट आणि पायांसकट. पहिल्यांदा खाशील तेव्हा कवच सोलायला जाशील. सोलू नकोस, तिथे सोलण्यासारखं काही नसतंच. क्रॉफिश जानेवारीत दिसायला लागतात, मार्च-एप्रिलमध्ये भरात असतात आणि जूनमध्ये संपतात.

मासे नावांवरून ओळखू जाशील तर फसशील. तिथला ‘स्पेकल्ड ट्राउट’ हा ट्राउटच नव्हे. तो आणि ‘रेडफिश’ दोघेही ड्रम माशांच्या कुळातले. आपली घोळ आणि ढोमा त्याच कुळातले. पांढरं, घट्ट, मोठ्या पाकळीचं मांस. घोळीवर वाढलेल्या माणसाला रेडफिश परका वाटत नाही. ‘रेड स्नॅपर’ तांबोशीच्या घरातला. ‘किंग मॅकरेल’ सुरमईची सख्खी बहीण, पण डाउनटाउनच्या हॉटेलांत ती क्वचितच दिसते. तिला तेल जास्त, वास जास्त, म्हणून तिथल्या लोकांना ती फारशी रुचत नाही. त्यांचं नुकसान. पॉम्पानो म्हणजे पापलेट समजून मागवू नकोस. चांगला मासा आहे, पण पापलेट नव्हे. आणि बोंबील विसर.

आता क्रॉफिश. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण न्यू ऑर्लिन्सला राहून हे नीट खाता आलं नाही तर तिथे राहिल्याचा उपयोग नाही.

दिसायला बोटभर शेवंडी, पण राहतात गोड्या पाण्यात. अमेरिकेतले बहुतेक क्रॉफिश लुइझियानातूनच येतात. काही अचाफलाया नदीच्या दलदलीतले, पण पुष्कळसे भातशेतातले. उन्हाळ्याच्या शेवटी भात कापतात, शरदात त्याच खाचरांत पुन्हा पाणी सोडतात, बिळांतले क्रॉफिश पिल्लांसकट वर येतात आणि कापलेल्या भाताच्या धाटांवर पोसतात. मग तारेचे सापळे लावून, सपाट बुडाच्या होडीतून फिरून ते काढतात. एकाच खाचरात भात आणि क्रॉफिश अशी दोन पिकं. आपल्याकडे पहिल्या पावसात पोरं शेताच्या बांधावर मुठे पकडायला धावतात. इथे तोच उद्योग ट्रकच्या हिशेबात चालतो. भात आणि पाण्याशी बांधलेलं असल्यामुळे दुष्काळाचा तडाखाही थेट बसतो. २०२३च्या उन्हाळ्यात लुइझियानात पाऊसच पडला नाही, बिळं वाळली आणि २०२४च्या सुरुवातीला क्रॉफिशचे भाव असे चढले की कित्येक हॉटेलांनी ते ठेवलेच नाहीत.

म्हणून भाव विचारायचा. कार्डावर ‘मार्केट प्राइस’ लिहिलेलं असतं. आपल्या माणसांना भाव विचारायला लाज वाटते, हॉटेल अमेरिकेतलं असलं की जास्तच. तिथली माणसं बिनदिक्कत विचारतात. "आज पौंडाला काय?" एवढंच. साधारणपणे जानेवारीत महाग, ईस्टरनंतर स्वस्त. माणशी तीन पौंडांपासून सुरुवात कर. आकडा मोठा वाटेल, पण तीन पौंड म्हणजे १,३६० ग्रॅम आणि त्यातून हाती लागणारं मांस जेमतेम २०० ग्रॅम. तिथली मुरलेली माणसं पाच पौंड सहज संपवतात.

उकडणं कसं चालतं तेही समजून घे, म्हणजे हॉटेल पारखता येईल. मोठ्या पातेल्यात मीठ, लाल मिरची, लिंबू, लसणाचे अख्खे गड्डे आणि मसाला घालून पाणी खळखळवतात, त्यात जिवंत क्रॉफिश सोडतात आणि थोड्याच वेळात आच बंद करतात. खरं काम त्यानंतरचं. झाकून तसंच मुरत ठेवायचं, तेव्हा मसाला आत शिरतो. घाई करणारं हॉटेल न मुरवता काढतं आणि वरून कोरडा मसाला भुरभुरतं. शेपटी सोलून, बोटं पुसून, नुसतं मांस तोंडात टाक. ते तिखट लागलं तर हॉटेल खरं. बोटांना झोंबतंय आणि मांस अळणी असेल तर परत तिथे जायचं नाही. ह्यूस्टनला आमच्याकडे व्हिएतनामी लोकांनी या उकडीवर लसूण-लोण्याचा झणझणीत सॉस ओतायची रीत काढली. मला ती आवडते. न्यू ऑर्लिन्सचा जुना माणूस मात्र तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो. तुझं तू ठरव.

खायची रीत: एका हाताने डोकं, दुसऱ्या हाताने शेपटी धर, पिळ आणि ओढ. डोक्यातला पिवळा रस चोखून घे. तुझ्या ऑफिसातले काहीजण तो टाकून देतील. आपण कुर्लीचे डांगे फोडून खाणारी माणसं, आपण टाकत नाही. शेपटीचं पहिलं कडं सोल आणि शेपटीचं टोक चिमटीत दाब, मांस सुटून येतं. डावा हात लागतो, त्याला इलाज नाही. तुझी आई आली की कुरकुर करील, तिला तसंच सांग. क्रॉफिशसोबत उकडलेली मक्याची कणसं आणि बटाटे येतात. बटाट्यापासून जपून. सगळ्यात जास्त तिखट तोच पितो. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असशील तर त्या दिवशी चष्मा घालून जा, आणि साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय डोळ्याजवळ बोट नेऊ नकोस. पांढरा कुडता अर्थातच घरी.

कालवांची गोष्ट वेगळी, इथे जपायला हवं. आपल्याकडे ओहोटीला खडकावरून टोचून काढलेली बोटाच्या पेराएवढी कालवं, कांद्या-खोबऱ्यात शिजवलेली. इथली तळहाताएवढी, आणि बर्फावर कच्ची वाढलेली. फ्रेंच क्वार्टरमध्ये आयबरव्हिल स्ट्रीटवर १९१०मध्ये सुरू झालेलं ‘अ‍ॅक्मी ऑयस्टर हाउस’ आहे आणि त्याच्या समोर ‘फीलिक्स’. एकीकडे रांग मोठी दिसली की लोक रस्ता ओलांडतात, तूही ओलांड. बसायला टेबल मागू नकोस, काउंटरवर उभी राहा. तिथे फोडणारा माणूस तुझ्या डोळ्यांसमोर सुरी सांध्यात घालून, मनगट फिरवून शिंपला उघडतो. कुठलं कालव आज बरं आहे हे हॉटेलच्या मालकापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. त्याच्यासमोरच्या बरणीत दोन डॉलर टाक आणि बोल. उघडलेल्या शिंपल्यात खारं पाणी असायला हवं. कोरडं पडलेलं, आक्रसलेलं किंवा वास मारणारं असेल तर सरळ बाजूला ठेव, तो बदलून देतो. पहिलं कालव काही न लावता खा. मग लिंबू, किसलेलं झोंबरं हॉर्सरॅडिश, केचप, तिखट सॉस काय हवं ते.

कालवं कुठली हे विचारायला सांगितलं, त्याला कारण आहे. २०१०मध्ये आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या फलाटाखालची तेलविहीर फुटली आणि लुइझियानाच्या कालवांच्या पट्ट्यांना जबर मार बसला. २०१९मध्ये मिसिसिपीला पूर आला, शहर वाचवायला बॉने कॅरे नावाचा सांडवा एकाच वर्षात दोनदा उघडावा लागला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्या गोड्या पाण्याने खाडीतली कालवं मेली. शहरात टेक्सस आणि अलाबामाची कालवंही मिळतात. ती वाईट नसतात. पण लुइझियानाचं नाव सांगून भलतंच देत असतील तर ते कळायला हवं.

आता नीट ऐक. उबदार समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो. त्याने बाधलेलं कालव दिसायला, वासाला, चवीला अगदी चांगलं असतं. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. पण यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचा तो जीव घेऊ शकतो. लिंबाने, तिखट सॉसने किंवा वरून प्यायलेल्या दारूने तो मरत नाही, फक्त शिजवल्याने मरतो. प्रत्येक हॉटेलात याची पाटी असते आणि ती कुणी वाचत नाही. तुझ्या बाबांना मधुमेह आहे. ते म्हणतील, "एखादं खाऊन काय होतंय?" एखादंसुद्धा नाही. त्यांच्यासाठी भाजलेली कालवं मागव: शिंपल्यातच लोणी, लसूण, चीज घालून जाळावर ठेवतात, कडा करपतात, लोणी उकळतं. मेटरीच्या ‘ड्रॅगोज’ने १९९३मध्ये ही रीत काढली आणि आता शहरभर पसरली. कुणालाही आपण पथ्याचं खातोय असं वाटणार नाही. सोबतच्या पावाने तो रस पुसून घ्यायचा असतो. बाबांना तेवढा पाव चालेल की नाही ते तुझ्या आईला विचार.

गंबो नावाचं दाट कालवण नेहमी ‘कप’ मागव, ‘बोल’ नको. बोल मागवलास तर जेवण तिथेच संपलं. पीठ तेलात मंद आचेवर तासभर ढवळत राहून गडद तपकिरी करतात, त्याला रू म्हणतात. मालवणी कालवणात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण जे काम करतं तेच गंबोत रू करतो. मग कांदा, सेलरी, ढबू मिरची. दाटपणासाठी काही ठिकाणी भेंडी, काही ठिकाणी फिले, म्हणजे सॅसाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड. ती चॉक्टॉ आदिवासींकडून आली, भेंडी आफ्रिकेतून गुलामांबरोबर. हॉटेलात कप येताच रंग बघ. फिकट, पिठूळ आणि चमच्याला चिकटणारा असेल तर कुणीतरी घाई केली आहे.

गंबोत बहुधा अन्दुई सॉसेज असतं. ते डुकराचं. नाव ‘सी-फूड गंबो’ असलं तरी असू शकतं. क्रॉफिशच्या पातेल्यात तेच, राजम्यात तेच, पालेभाजीत हॅमचं हाड. जावईबापू शाकाहारी आहेत, त्यांना इथे न्यायचं तर आधी फोन करून विचार. भाजी म्हणजे शाकाहार असं अमेरिकेच्या दक्षिणेत धरून चालायचं नाही. मक्याच्या पिठाचे हश पपी कोळंबीच्याच तेलात तळतात. बहुतेक ठिकाणी त्यांच्या वाट्याला कोशिंबीर, साधा भात आणि बटाटा येईल. तेव्हा त्यांना घरून खाऊन यायला सांग. सोबत बसतील, गप्पा मारतील. गोडाला ब्रेड पुडिंग मागवतील, पण त्यावर व्हिस्कीचा सॉस असतो, तेही आधीच कानावर घाल.

तळलेल्याबद्दल फार सांगत नाही, तो मोह तुझा तू आवर. चार जणांत एक ताट पुरतं. कॅटफिश तळलेलाच खायचा, मक्याच्या पिठात. तो बहुधा शेजारच्या मिसिसिपीतल्या तळ्यांतला असतो. २००२च्या कायद्याने अमेरिकी कुळातल्या माशालाच कॅटफिश म्हणता येतं, व्हिएतनामचा आला तर त्याला बासा किंवा स्वाई म्हणावं लागतं. पो-बॉय म्हणजे लांब फ्रेंच पावात तळलेली कोळंबी किंवा कालवं. १९२९मध्ये ट्रामवाल्यांचा संप झाला तेव्हा मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना हे सँडविच फुकट वाटलं, अशी त्याची कथा. मागवताना ‘ड्रेस्ड’ म्हटलंस की कोबीसारखी चिरलेली लेट्यूस, टोमॅटो, लोणचं आणि मेयोनीज घालून देतात. अर्धाच मागव. ‘ब्लॅकन्ड’ लिहिलेला मासा काळाकुट्ट येईल, करपला म्हणून परत पाठवू नकोस. पॉल प्रूडोम नावाच्या बल्लवाने ‘के-पॉल्स’मध्ये ही रीत लोकप्रिय केली: लोणी आणि मसाला लावलेला मासा तापून पांढऱ्या पडलेल्या बिडाच्या तव्यावर टाकायचा. ऐंशीच्या दशकात देशभर सगळ्यांना तोच हवा झाला, आणि आखातातल्या रेडफिशवर इतका ताण आला की सरकारला त्याची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. आज हॉटेलातला रेडफिश बहुतेक वेळा पाळलेला असतो.

जायचं दुपारी तीनला. बारा ते दीड रांग, सहानंतर पुन्हा रांग, मध्ये निवांत. त्या वेळात बऱ्याच ठिकाणी कालवं स्वस्त असतात. सेंट्स या तिथल्या फुटबॉल संघाचा सामना सुपरडोम स्टेडियममध्ये असेल त्या रविवारी डाउनटाउनकडे फिरकू नकोस. मार्डी ग्राचा उत्सव संपला की ईस्टरपर्यंत लेंट नावाचा व्रताचा काळ चालतो आणि शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, मासे खातात. आपल्या श्रावणाच्या उलट. त्या शुक्रवारी शहरातलं प्रत्येक मासळीचं हॉटेल तुडुंब असतं. गाडी नेऊ नकोस, पार्किंगचे पैसे जेवणाएवढे होतात. ट्रामने कॅनल स्ट्रीटला उतर. एक लक्षात ठेव, कॅनल ओलांडला की रस्त्यांची नावं बदलतात. बोर्बन स्ट्रीट पलीकडे कॅरोन्डलेट होतो. यादीत नाव सांगताना छोटं नाव सांग, नाहीतर पुकारलेलं तुला कळणार नाही आणि टेबल दुसऱ्याला जाईल.

वाढणारी बाई तुला ‘बेबी’ म्हणेल, तुझ्या बाबांनाही म्हणेल. त्यांना आधी सांगून ठेव. ती सगळ्यांनाच म्हणते. तिला तासाला मूळ पगार किती मिळू शकतो ठाऊक आहे? टिप मिळणाऱ्यांसाठी कायद्याचा किमान दर २ डॉलर १३ सेंट आहे. तो १९९१पासून हललेला नाही आणि लुइझियानाने स्वतःचा वेगळा दर ठेवलेला नाही. बाकी सगळं टिपेवर. त्यामुळे वीस टक्के टिप ही मेहेरबानी नव्हे. बिलावर दहा टक्क्यांच्या आसपास कर लागतो, टिप कराआधीच्या रकमेवर काढ. सहा-आठ जण असाल तर टिप बिलातच धरलेली असू शकते. ती ओळ बघ, दोनदा देऊ नकोस. बिल वेगवेगळं हवं असेल तर बसतानाच सांग. उरलेलं गंबो डब्यात भरून घे, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं. तळलेलं घेऊ नकोस, त्याचा चिखल होतो.

आणि आईबाबांचं तिकीट अजून काढलं नसशील तर एप्रिलचं काढ. जुलै-ऑगस्टमध्ये उकाड्याने त्यांचा जीव जाईल, वादळांचा मोसम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, कालवं रोडावलेली आणि क्रॉफिश संपलेले. एप्रिलचं नक्की झालं की मला फोन कर, मी ह्यूस्टनहून गाडीने येते.